आष्ट्याच्या लाल शंखी

आमच्या माण तालुक्यात गोगलगाय बघायची म्हणजे पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर बघायची. नखाएवढी असते. पोरं तिला हात लावतात, ती आत जाते, पोरं हसतात, संपलं. ती पीक खाते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्याकडे पीक खायला ऊन पुरतं.

म्हणून कविताचा फोन आला आणि ती म्हणाली, "आये, शंखी लागलीय, झेंडू खाऊन चाललीय," तेव्हा ती गोगलगायीबद्दल बोलतेय हे मला आधी समजलंच नाही. ती रडत नव्हती, पण बोलताना मधेच थांबत होती. कविता माझी एकच लेक. आष्ट्याला दिलीय. जावई सैन्यात आहेत, वर्षातून एकदा येतात. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सगळ्या रानात ऊस असतो. या वर्षी कविताने हट्टाने एक तुकडा मागून घेतला आणि त्यात झेंडू लावला, गणपतीपासून दसऱ्यापर्यंत विकायला. लग्नानंतर तिने स्वतःच्या मनाने केलेली ही पहिली गोष्ट. सासूने हो म्हटलं, पण एका बोलीवर. बेंदरापर्यंत, म्हणजे बैलांच्या सणापर्यंत, रोपं धरली तर ठीक, नाहीतर त्यात ऊस. आणि परत विचारायचं नाही.

बेंदूर तोंडावर आला होता.

लेकीच्या घरी आईने फार राहू नये अशी आमच्याकडे रीत आहे. गेलं तरी पाणी पिऊन निघावं. मी आजवर तिच्याकडे एक रात्रसुद्धा राहिले नव्हते. पण मी पिशवी भरली. बाजरीचं पीठ, मटकी, घरचं तूप, आणि मोठ्या जावेला सांगितलं की मेंढरांचं तू बघ. ती म्हणाली, "किती दिस?" मी म्हटलं, "बेंदूर करून येते." ती बघतच राहिली.

दहिवडी ते आष्टा

दहिवडीतून कराडची गाडी मिळाली. खिडकीत बसले. आमच्याकडचे डोंगर तांबडे, उघडे. पाऊस झाला होता तरी नुसतं वरवर हिरवं, कुणीतरी फडक्याने पुसावं तसं. कराड जवळ आलं तसं रान बदललं. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस संपला की परत ऊस. माणूस उभा राहिला तर दिसणार नाही. मला त्यात गुदमरल्यासारखं झालं. आमच्याकडे लांबवर कोण येतंय ते घरात बसून दिसतं, इथे शेजारच्या रानात कोण आहे ते कळत नाही. ही गोष्ट मी तेव्हा नुसती मनात म्हटली. पुढे तिचाच उपयोग झाला.

कराडला गाडी बदलायची होती. भूक लागली होती. स्टँडच्या बाहेर एका खानावळीच्या पाटीवर अख्खा मसूर लिहिलं होतं. एकटीने खानावळीत बसायचं माझ्या जिवावर आलं, पण पोटाने ऐकलं नाही. कोपऱ्यातलं टेबल धरलं, भिंतीकडे तोंड केलं. लाल तवंगाचा मसूर आणि मोठी तंदूर रोटी आली. रोटी चिवट होती, मसूर मात्र झकास. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. वाढणारा म्हणाला, "मावशी, आवडलं व्हय?" मी मान हलवली. माझ्या जिभेवर अजून ती चव आहे.

आष्ट्याला उतरले तर कविता स्टँडवर उभी. वाळली होती. चपलेला काळ्या मातीचा इतका थर की उंच दिसत होती. ती माती आमच्याकडे नाही. आमचा मुरूम पायाला टोचतो पण धरून ठेवत नाही. ही माती पाय सोडतच नाही.

शंखी

दुसऱ्या दिवशी पहाटे कविता मला रानात घेऊन गेली.

मुठीएवढ्या. हे मी खोटं सांगत नाही. तपकिरी, उभ्या रेघा असलेला शंख, टोकाला निमुळता, आणि खाली करडं मांस पसरलेलं. डोळ्यांच्या दोन काड्या वर करून ती चालली होती. रोपाचा शेंडा तोंडात धरला की हळूहळू तो आत जायचा. एका रोपावर दोन दोन, तीन तीन. काही सऱ्यांत तर नुसत्या काड्या उभ्या होत्या. मी कान दिला तर कुरतडल्याचा आवाज येत होता. इतका मऊ प्राणी आणि असा आवाज.

कविता आणि तिची सासू रोज पहाटे त्या वेचून पाटीत भरत होत्या. मीही लागले. हाताला जो चिकटा लागतो तो पाण्याने जात नाही, पाण्याने वाढतो. राखेने घासला तेव्हा गेला. आणि त्यातच माझी फजिती झाली. एका शंखीवर पाय पडला, ती कर्रकन फुटली, मी घसरले आणि चिखलात बसले. विहीणबाईंनी वळून बघितलं. मला वाटलं आता जमिनीने पोटात घ्यावं. त्या एवढंच म्हणाल्या, "ईनबाई, लागलं का? आन् ती मेली का?"

माझ्याआधी शंखीची चौकशी नाही केली हे बरं झालं. पण केली.

कारण विहीणबाई माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ. मुंगीला वाट देऊन चालणारी बाई. औषधाच्या गोळ्या टाकायला त्यांनी कविताला बंदी केली होती. वेचलेल्या शंखी त्या बांधापलीकडे नेऊन सोडत. पलीकडे पड आहे, म्हणाल्या, वर्षानुवर्षं कुणी कसत नाही, तिथे खाऊ देत गवत. रोज पाटी रिकामी करताना म्हणत, "जावा बाबांनो, हितं खावा."

आणि रोज पहाटे झेंडूत पुन्हा तेवढ्याच.

"मातीतनंच उगवत्यात त्या," विहीणबाई म्हणाल्या.

"कॅनॉलातनं येत्यात," कविता म्हणाली.

मी वेचत राहिले. लेकीच्या सासरी आपण काय बोलायचं.

त्या दिवशी मी एका दगडाखाली शंखीची अंडी बघितली. पिवळसर पांढरी, गोल, मऊ, ढीगच्या ढीग. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. विहीणबाईंनी मायेने माझ्या ताटात साबुदाण्याची खिचडी वाढली, वर दाण्याचा कूट, तूप. मी एक घास घेतला आणि तो दगड डोळ्यासमोर आला. घास घशाखाली उतरेना. कविताला कळलं. ती पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकघरात पळाली. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं साबुदाणा खाईत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "खात्यात की." आणि डोळे मिटून खाल्लं.

डबा

माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या शंखी रोज नव्या येतात की त्याच परत येतात?

आमच्याकडे दोन कळप पाण्यावर एकत्र आले की मेंढरं मिसळतात. मग प्रत्येकाच्या मेंढरावर ज्याचा त्याचा रंग असतो. कुणाचा पाठीवर, कुणाचा शेपटीजवळ. रंग बघायचा आणि वेगळी करायची. त्यात भांडण नाही, विचारणं नाही. मी लहानपणापासून हेच बघत आले. तेव्हा मला दुसरं काय सुचणार?

विहीणबाईंच्या गोठ्यात एक बैल आणि दोन म्हशी आहेत. तिथे कोनाड्यात बेंदराला शिंगं रंगवायच्या लाल रंगाचा डबा होता. या वर्षासाठी आणून ठेवलेला. मी काडीला चिंधी बांधली आणि पाटीतल्या एकेका शंखीच्या पाठीवर लाल ठिपका दिला. रंग लागला की ती आत जायची, वाळेपर्यंत बाहेर यायची नाही. सोपं काम. मेंढरू तरी लाथ मारतं.

विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझा हात थांबला.

"काय वो ईनबाई, शंखींचा बेंदूर करताय व्हय?"

कविताच बोलली, "आये बगतीय, त्याच फिरून येत्यात का ते."

"बगा बगा. पर बैलाला रंग ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिला नाही. शंखी फार होत्या. डब्याचा तळ लागला.

ती लाल पाटी विहीणबाईंनीच नेहमीसारखी पलीकडे सोडली. मला वाटलं, आता आठ दिवस वाट बघावी लागणार. शंखीची चाल ती किती.

दुसऱ्या दिवशी पहाटे रानात गेलो तर जवळजवळ सगळ्या लाल शंखी परत. आणि नुसत्या परत नाहीत. बांधाच्या आतल्या बाजूला एका जागी नीट ढीग करून ठेवलेल्या, आणि ढिगावर कोबीची पानं झाकलेली. पानं खाऊन झाली होती आणि शंखी आमच्या झेंडूकडे निघाल्या होत्या.

कविता पानाचा तुकडा हातात घेऊन म्हणाली, "आये, हे कुणीतरी ठेवलंय."

विहीणबाई घाबरल्याच. "करणी-बिरणी तर न्हवं?"

"करणी करणारा कोबी कशाला घालंल?" मी म्हटलं. माझा आवाज मला मोठा वाटला. मग मी म्हटलं, "सांजच्याला हितं बसून बगू."

बांधावर

त्या घरच्या बायका रानात पहाटे जातात, दुपारनंतर जात नाहीत. म्हशींचं दूध, डेअरी, स्वयंपाक. त्यामुळे संध्याकाळी बांधापलीकडे काय चालतं हे त्यांना माहीत नव्हतं. मधे घाणेरी आणि गवत माणसाएवढं वाढलेलं. मला बसमधलं आठवलं. इथे शेजारी कोण आहे ते दिसत नाही.

आम्ही तिघी दिवस कलायच्या आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने पलीकडे स्कूटी थांबल्याचा आवाज आला. गवत बाजूला करून एक बाई आली. माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी, डोक्यावर ओढणी, हातात बादली. आम्हाला बघून दचकली, मग लगेच हसली.

"आगं बया! तुमीच व्हय मालकीण? बरं झालं भेटलात. ह्या घ्या तुमच्या."

आणि तिने बादली पुढे केली. बादलीत उरलेल्या लाल शंखी.

तिचं नाव हमीदा. गावात तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान आहे. दुकान आवरून ती संध्याकाळी रानात येते. ती पड त्यांनी या वर्षीच वाट्याने केलेली. बांधापलीकडे गवत संपलं की मेथी, कोथिंबीर, कोबीची रोपं.

"कशाला आणून ठेवता ह्या आमच्या रानात?" कविता एकदम तापली. "माझा निम्मा झेंडू गेला!"

हमीदाचं हसू गेलं. "आता? तुमच्याच हायत न्हवं? रंग लावलाय की! माझ्या अब्बांचा बकऱ्यांचा धंदा हुता. रंगाचं जनावर रानात आलं तर मालकाला न्यून द्यायचं, त्याला मारायचं न्हाई, आसं त्यांनी शिकवलंय. मला वाटलं तुमी पाळल्याता."

"शंखी?"

"मग! मोबाईलवर दाखवत्यात की. परदेशात ह्या पाळत्यात आन् त्यांच्या चिकट्याची क्रीम करत्यात. बायका तोंडाला लावत्यात. मी म्हनलं, मिलिटरीवाल्याची बायको हाय, तिला कुणीतरी सांगितलं आसंल. एवढा खर्च करून रंग लावलाय. म्हनून एकेक गोळा केली, वर पाला घातला. उपाशी मरायला नकोत दुसऱ्याच्या."

कविताने आणि मी एकमेकींकडे बघितलं. माझं हसू आत मावेना. मी पदर तोंडात कोंबला, तरी बाहेर आलंच. मग कविता हसली. हमीदा आधी गोंधळली, मग तीही.

विहीणबाई हसत नव्हत्या. त्या पलीकडे बघत होत्या. मेथीचे वाफे बघत होत्या. वाफ्यांत मधेमधे टक्कल पडलेलं.

"ही पड हुती," त्या म्हणाल्या.

"हुती, मावशी. औंदा आमी केलीय."

"मी रोज हितं टाकत हुते. पाटीच्या पाटी."

"माहीत हाय की. म्हंजे तुमी टाकताय ते माहीत न्हवतं. सांजच्याला येऊन बगते तर मेथीत ह्या. मीबी उचलून बांधाच्या पलीकडं फेकायची. रंग नव्हता तवा नुसत्या फेकायची, रंग आल्यावर जपून ठेवल्या."

विहीणबाई बांधावर बसल्या. गळ्यातली माळ त्यांनी मुठीत धरली. "मी जीव वाचवतेय म्हनत हुते," त्या म्हणाल्या, "आन् तुझं पीक खायला घालत हुते."

"आन् मी तुमच्या सुनंचं," हमीदा म्हणाली. "फिट्टंफाट झाली, मावशी."

पण फिटून काय उपयोग? शंखी तिथेच होत्या. बादलीतल्या एक एक करून काठावर चढायला लागल्या होत्या. कविता सासूकडे बघत होती आणि विचारत नव्हती. मला माहीत होतं तिला काय विचारायचंय. हमीदा म्हणाली, गावातले लोक खड्डा काढून त्यात चुना आणि मीठ घालतात, वेचलेल्या त्यात टाकतात, बुजवतात. मग तीही गप्प झाली, कारण विहीणबाईंच्या गळ्यातली माळ सगळ्यांनाच दिसत होती.

मी त्या घरात आजवर कुठल्याच गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीतसुद्धा नाही. पण या गप्प बसण्यात झेंडू जाणार हे मला स्वच्छ दिसलं.

"खड्डा मी काढते," मी म्हटलं. "माझ्या गळ्यात माळ न्हाई."

"ईनबाई, पाप लागतं," विहीणबाई म्हणाल्या.

"लागू द्या. माझ्या घरी बकरी कापत्यात, जत्रंला आमी रांधून वाढतो. तेवढ्यात ह्येबी मावंल. तुमी तुमची माळ सांभाळा. कविताचा तुकडा मी सांभाळते."

बोलून झालं आणि माझे कान तापले. मग विहीणबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि घराकडे चालायला लागल्या. मला वाटलं, संपलं, उद्या मला गाडीत बसवणार. चार पावलं जाऊन त्या वळल्या.

"पोती भिजवून ठेवली की त्याखाली ह्या गोळा हुत्यात आसं ऐकलंय. गुळाच्या पाण्यात. गूळ हाय आपल्यात भरपूर. मी कालवते. गूळ कालवण्यात कसलं पाप न्हाई."

बेंदूर

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. संध्याकाळी हमीदा आली की चौघी मिळून बांधाच्या दोन्ही बाजूंना गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरायचो. विहीणबाई गूळ असा कालवायच्या की जणू पुरणाचाच आहे. पहाटे पोतं उलटलं की खाली शंखीच शंखी, एकमेकींना चिकटून. वेचायच्या, बांधाच्या टोकाला, रोपांपासून लांब मी काढलेल्या खड्ड्यात टाकायच्या. ते काम मी आणि कविताने केलं. मला त्यात आनंद झाला नाही. मुक्या जनावराला आम्ही त्याच्याकडे न बघता मारत नाही. इथेही मी बघितलं. पण हात थांबला नाही.

बांधाच्या कडेने चुन्याची पांढरी रेघ ओढली. पावसाने धुतली, परत ओढली. हमीदाने बांधावरची घाणेरी तोडून काढली. आता एकीकडून दुसरीकडचं दिसायला लागलं. मला मोकळा श्वास आला.

शंखी संपल्या नाहीत. त्या संपत नसतात, असं हमीदा म्हणाली. पण एका पहाटे आम्ही पोतं उलटलं तर खाली नुसतीच ओली माती आणि एक लाल ठिपक्याची शंखी. कविताने ती उचलली, बघितली आणि माझ्याकडे दिली. "आये, हिला तूच टाक. तुझं मेंढरू हाय."

बेंदराच्या दिवशी बैलाला धुतलं, झूल घातली. विहीणबाईंनी कोनाड्यातून डबा काढला, उघडला आणि तळाकडे बघितलं. मी म्हशीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"ईनबाई, बाहीर या. बैल बघतोय."

मी आले.

"शंखींचा बेंदूर झाला. आता आमच्या बैलाला काय लावू? हळद?"

आणि खरंच त्यांनी हळद तेलात कालवली आणि शिंगांना लावली. पिवळी शिंगं, वर गोंडे. साऱ्या आळीत तसा बैल दुसरा नव्हता. लोक विचारायला लागले तेव्हा विहीणबाई ताठ मानेने म्हणाल्या, "औंदा आमी आसंच करायचं ठरवलं." पुरणपोळीचा पहिला डबा त्यांनी हमीदाकडे पाठवला.

बैल गावातून मिरवून आणल्यावर त्या त्याला घरी नेण्याआधी रानाकडून घेऊन गेल्या. आम्ही मागे. झेंडूच्या तुकड्यापाशी थांबल्या. जिथे रोपं मेली होती तिथे कविताने नवी लावली होती, ती लहान होती. जुन्यांना फुटवे आले होते, दाट. विहीणबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि आल्या. कविता बैलाची दोरी धरून उभी, तिच्या हाताची बोटं पांढरी पडलेली.

"ऊस काय," विहीणबाई म्हणाल्या, "कवाबी लावता येतो. ह्ये पैलं तोडून बगू."

बैलाने मान हलवली, गोंडे हलले. कविताने दोरी सोडली आणि त्याच्या पिवळ्या शिंगाला हात लावला. हाताला हळद लागली ती तिने पुसली नाही.

घरी

मी दुसऱ्या दिवशी निघाले. विहीणबाईंनी गुळाची ढेप बांधून दिली. लेकीच्या घरून काही आणायचं नसतं असं मी म्हणत होते. त्या म्हणाल्या, "लेकीच्या घरचा न्हाई, माझ्या घरचा हाय. न्ह्या."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दहिवडीच्या गाडीने एक पोतं आलं. तोंड सुतळीने शिवलेलं. उघडलं तर झेंडू, पिवळा आणि भगवा, अजून ओला. जाऊ तोरण करायला बसली. मी आधी सगळी फुलं अंगणात पसरली आणि एकेक उलटून बघितलं. जाऊ म्हणाली, "काय हुडकतीस?"

शंखी हुडकत होते. एकही नव्हती. तरी मी पोतं उलटं करून झटकलं. मग आम्ही तोरण केलं आणि उरलेल्या फुलांची एक माळ मेंढरांच्या वाड्याच्या दाराला लावली. ती मेंढरांनी दुपारपर्यंत खाऊन टाकली. मी त्यांना हाकललं नाही.